मोटरसायकल उभी कशावर करावी ?

चंद्रपूर जिल्ह्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. परंतु ऊन, पाऊस आणि माती यांची वाटणी कांहीं झाली नाहीं. दोन्हीकडे कित्येक कुटुंबांचें वाहन म्हणजे मोटरसायकलच. उन्हाळ्यांत मऊ पडलेल्या डांबरावर किंवा पावसाळ्यांत भिजलेल्या अंगणांत बाजूच्या स्टँडचा पाय रुतून ती आडवी झालेली वाचकांनीं पाहिली असेलच. ‘बुलेट ३५०’ सारखी गाडी सुमारें १९० किलो भरते. घरांत मुलेंबाळें असतां एवढें ओझें कशावर उभें आहे, याचा विचार अवश्य केला पाहिजे.

पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा रस्ता बंद पडून गाडी कित्येक दिवस घरींच ठेवण्याचे प्रसंग वर्षानुवर्षें आलेले आहेत. अशा वेळीं बाजूचा स्टँड पुरा पडत नाहीं. गाडी कलती राहते, भार दोन्ही टायरांवर पडतो आणि हवा उतरल्यास ते एकाच जागीं चपटे होतात.

गाडीस मधला, म्हणजे आपण ज्यास डबल स्टँड म्हणतों तो, असेल तर नवें कांहीं विकत घेण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. त्यावर गाडी सरळ उभी राहते व मागलें चाक मोकळें फिरतें. चेन पुसून तेल देण्यास एवढें पुरे.

ड्यूक, आर-१५ अशा गाड्यांना मात्र हा स्टँड नसतो. त्यांच्यासाठीं पॅडॉक स्टँड मिळतो. मागलें चाक ज्या दोन भुजांत धरलेलें असतें, त्या भुजा हा लांब दांडा दाबतांच उचलून धरतो. एका प्रकारास रबरी टेकू असतात. दुसऱ्यास खांचा असून त्यांत भुजांस बसविलेले बॉबिन अडकतात. दुसऱ्याची पकड अधिक चांगली. परंतु भुजांस आट्यांचीं भोकें असतील तरच तो घ्यावा, आणि स्क्रू ६, ८ कीं १० मिलिमीटरचा लागतो हें आधीं पाहून घ्यावें. पुढचें चाक उचलणारा स्टँड निराळा असतो. तो मागला लावल्यावरच लावावा व काढतांना आधीं काढावा.

पण स्टँड कितीहि मोलाचा असो, त्याचें बळ खालच्या जमिनीइतकेंच. पॅडॉकचीं लहान चाकें फरशीवर चालतात. सारवलेल्या अंगणांत तीं रुततात. सागवानाच्या या मुलखांत एखादी जाड, सपाट फळी मिळणें कठीण नाहीं. ती खालीं घातली म्हणजे भार पसरतो. पुराचा संभव असेल तेथें मात्र कोणत्याच स्टँडवर विसंबूं नये. गाडी उंचवट्यावर न्यावी.

पहिल्या वेळीं दोघांनीं मिळून गाडी उचलावी: एकानें हँडल धरावें, दुसऱ्यानें दांडा दाबावा. पुढचा ब्रेक रबरी पट्टीनें आवळून ठेवावा, म्हणजे गाडी सरकत नाहीं. इंजिन चालूं ठेवून फिरती चेन पुसण्याची कित्येकांस खोड असते. दातेरी चक्रांत फडक्यासह बोट ओढलें जाण्यास क्षणहि लागत नाहीं. इंजिन बंद, किल्ली खिशांत, आणि चाक हातानें फिरवावें, हाच नियम.

उचललेल्या गाडीवर चढून बसण्याचा मोह मुलांना होतोच. म्हणून काम संपतांच ती खालीं घ्यावी. अनेक दिवस तशीच ठेवावयाची असल्यास खोलीला कडी लावावी. गाडी पसंत करतांना आपण तिच्या रंगाची व वेगाची चौकशी करतों; ती घरीं उभी कशावर राहणार, ही चौकशीहि त्याच दिवशीं व्हावी.