माळव्याचा गहू आणि रुळांची गिरणी

धार आणि देवास ही माळव्याच्या पठारावरील दोन नगरे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकात पवारांनी तेथे आपली ठाणी वसविली. देवासला तर एकाच घराण्याच्या थोरल्या व धाकट्या पातीच्या दोन गाद्या शेजारी शेजारी नांदल्या. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि १९५६ साली तो सारा प्रदेश मध्य प्रदेशात आला. संस्थाने गेली, पण तेथील मराठी घरे राहिली. त्या घरांत सणावाराला पुरणपोळी होते, तसेच दाल-बाफलेही होतात. पुरणपोळीला लवचिक, मऊसूत कणीक लागते. बाफल्याला पीठ जाडसर हवे. दोन्हींसाठी गहू मात्र त्याच काळ्या जमिनीतला. म्हणजे गहू चांगला पिकणे हे अर्धेच काम झाले. तो दळावा कसा हे उरलेले अर्धे काम होय, आणि ते गिरणीच्या हाती असते.

माळव्यात गव्हाच्या दोन जाती नांदतात. एक पोळीचा नेहमीचा गहू. दुसरा बन्सी किंवा कठिया या नावांनी ओळखला जाणारा कठीण गहू. शास्त्रज्ञ त्याला ड्युरम म्हणतात. याचा दाणा टपोरा, पिवळसर आणि काचेसारखा चमकदार असतो. दाताखाली धरला तर तो कडकन फुटतो, त्याचा भुगा होत नाही. पूर्वी हा गहू पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पिके. तांबेरा हा त्याचा मोठा शत्रू. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतातील गव्हावर तांबेऱ्याची भयंकर साथ आली. पुढे १९५१ साली भारतीय कृषी संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र इंदूर येथे सुरू झाले. मालवशक्ती, पूसा तेजस यांसारखे ड्युरम गव्हाचे वाण या केंद्राने दिले. अशा रीतीने शेतातील बाजू संशोधकांनी पुष्कळशी सावरली. परंतु असा दाणा गिरणीत जाऊन जर त्याचा सामान्य मैदा होणार असेल, तर शेतकऱ्याला त्याचे मोल मिळणार कोठून?

याचे उत्तर समजण्यासाठी दाण्याची रचना लक्षात घेतली पाहिजे. गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. वजनाने सुमारे ८३ टक्के भाग आतल्या पांढऱ्या गाभ्याचा. त्यात पिष्ट आणि प्रथिने असतात. सुमारे १४ टक्के भाग बाहेरच्या सालीचा, म्हणजे कोंड्याचा. उरलेले अडीच-तीन टक्के म्हणजे अंकुर. अंकुरात स्निग्ध अंश असतो, म्हणून तो पिठात मिसळला की पीठ लवकर खवट होते. दाण्याच्या पोटाशी एक खोल चीर असते आणि साल त्या चिरेत आतपर्यंत वळलेली असते. तांदळाप्रमाणे गहू कांडून पांढरा करता येत नाही, तो याच कारणाने. गव्हाचा दाणा आधी फोडावा लागतो आणि मग आतला गाभा सालीपासून खरवडून काढावा लागतो.

जात्याला हा विवेक नसतो. दोन दगडांच्या मध्ये सापडलेला दाणा एकाच फेऱ्यात चिरडला जातो; कोंडा, गाभा आणि अंकुर एकत्रच बाहेर पडतात. तरीही घरोघरच्या बायकांनी या अडचणीवर उपाय शोधून काढला होता. दिवाळीच्या करंज्यांसाठी सपीट काढावयाचे असले म्हणजे गहू आदल्या दिवशी ओलवून, फडक्यात दडपून ठेवीत. ओलाव्याने साल चिवट होई आणि गाभा मऊ पडे. मग दळताना सालीचा चुरा न होता तिच्या पापड्या निघत, आणि चाळणीने कोंडा, रवा व सपीट वेगळे करता येत. आजची कोट्यवधी रुपयांची गिरणी हेच करते. ओलवणे, फोडणे, चाळणे ही तीनच कामे. फक्त ती मोजून-मापून आणि पुन:पुन्हा केली जातात.

या कामासाठी दगडाऐवजी लोखंडी रूळ वापरण्याची कल्पना युरोपात रुजली. हंगेरीचा गहू कठीण होता आणि दगडी जात्यात त्याचा कोंडा पिठात मिसळून पीठ काळवंडे. १८४० च्या सुमारास पेस्ट शहरात रुळांची मोठी गिरणी उभी राहिली. पुढे झुरिचच्या फ्रीड्रिख वेगमान यांनी चिनी मातीचे रूळ वापरून पाहिले. आताच्या बुडापेस्टमधील गांझ यांच्या ओतशाळेत आगगाडीची चाके एका विशेष पद्धतीने ओतीत. ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग झटकन थंड केला की तो अतिशय कठीण बनतो. त्याच पद्धतीचे, तिरक्या खाचांचे रूळ १८७४ साली आंद्राश मेखवार्ट यांनी पिठाच्या गिरणीसाठी तयार केले. १८७८ साली मँचेस्टरमध्ये हेन्री सायमन यांनी मॅकडूगल बंधूंच्या गिरणीत रुळांची यंत्रे बसविली. १८८७ च्या सुमारास बुडापेस्टच्याच कार्ल हागेनमाखर यांनी एकावर एक अनेक चाळण्या रचून त्या गरगर हलविणारे यंत्र काढले. पुढील काही दशकांत ही पद्धत जगभर पसरली.

या यंत्राचे मर्म वेगाच्या फरकात आहे. दोन रूळ एकमेकांकडे फिरतात, पण सारख्या वेगाने नव्हे. दाणा फोडणाऱ्या जोडीत एक रूळ दुसऱ्याच्या सुमारे अडीच पट वेगाने फिरतो. हळू फिरणारा रूळ दाणा धरून ठेवतो आणि वेगाने फिरणारा त्याला उलगडतो. या रुळांवर बारीक खाचा असतात. पहिल्या जोडीत दाणा नुसता उघडतो. मग चाळणी, मग दुसरी जोडी, पुन्हा चाळणी, असे चार-पाच वेळा होते. प्रत्येक वेळी कोंड्याला चिकटलेला गाभा थोडा थोडा सुटत जातो. त्यानंतर रव्यातील हलके कोंड्याचे कण उडवून लावण्यासाठी तो वाऱ्याच्या झोतातून व हलत्या चाळणीवरून नेतात. शेवटी गुळगुळीत रुळांच्या जोड्या येतात. त्यांच्या वेगात फरक थोडाच असतो, सुमारे सव्वापट. त्या रव्याचे पीठ करतात.

ही सारी मांडणी युरोपच्या गव्हासाठी आणि युरोपच्या पावासाठी झाली. ती जशीच्या तशी उचलून माळव्यात बसविली, तर तीन ठिकाणी अडते. सुधारणाही त्या तीन ठिकाणीच हव्यात.

पहिले ठिकाण म्हणजे ओलवण. थंड देशांतील गव्हात मुळातच चौदा-पंधरा टक्के ओलावा असतो. तेथे पाण्याचा नुसता हात लावला तरी पुरते. माळव्याचा गहू फाल्गुन-चैत्राच्या उन्हात कापला जातो. त्याचा ओलावा पुष्कळदा दहा टक्क्यांच्या आसपास असतो आणि दळण्यापूर्वी तो सोळा टक्क्यांपर्यंत न्यावयाचा असतो. इतके पाणी एकदम घातले तर दाण्याला ते पेलत नाही. साल चिकट होते आणि गाभा कोरडाच राहतो. म्हणून ते दोन हप्त्यांनी घालावे लागते आणि मध्ये काही तास दाणा विसावू द्यावा लागतो. कठीण गव्हाच्या बाबतीत शेवटचा विसावा थोडकाच ठेवतात. पाणी फार आत शिरले तर गाभ्याचा चमकदारपणा जातो आणि रव्याऐवजी भुकटी पडते. यासाठी ओलावा मोजणारे यंत्र, पाण्याची तोटी आपोआप कमीजास्त करणारी योजना आणि पुरेशा कोठ्या हव्यात. ओलवणीपूर्वीची साफसफाईही तितकीच निकडीची. काळ्या मातीची ढेकळे वाळली की दाण्याएवढीच होतात. ती चाळणीने जात नाहीत. वजनातील फरकावर खडे निवडणारे यंत्रच ती वेगळी करते. हे यंत्र नसले तर रव्यात कचकच येते आणि चांगला मालही हिणकस ठरतो.

दुसरे ठिकाण म्हणजे खुद्द रूळ. मैद्याच्या गिरणीत दाण्यावर भरपूर दाब देऊन लवकर पीठ पाडण्याकडे कल असतो. ड्युरम गव्हाचे खरे धन रव्यात आहे. शेवया, शिरा, उपमा आणि इटालियन पद्धतीची मॅकरोनी यांना लागणारा पिवळा, टणक, सारख्या कणांचा रवा याच गव्हातून निघतो. त्यासाठी दाणा चिरडावयाचा नसतो, कापावयाचा असतो. म्हणून अशा गिरणीत खाचांच्या तीक्ष्ण कडा समोरासमोर येतील अशी रुळांची मांडणी करतात, फोडण्याच्या पायऱ्या वाढवितात, वाऱ्याने रवा निवडणारी यंत्रे अधिक ठेवतात आणि पीठ पाडणारे गुळगुळीत रूळ कमी करतात. खाचा झिजल्या की रूळ कापण्याऐवजी रगडू लागतात. कोंड्याची भुकटी होऊन ती रव्यात उतरते आणि माल काळसर होतो. जात्याला जशी टाकी लावावी लागे, तशाच रुळाच्या खाचा वेळच्या वेळी नव्याने पाडाव्या लागतात. हा खर्च पुढे ढकलणारा गिरणीवाला रोज थोडाथोडा तोटा सोसतो. तो हिशेबाच्या वहीत दिसत नाही एवढेच.

तिसरे ठिकाण म्हणजे पोळी. गिरणीच्या मैद्याची पोळी वातड होते आणि चक्कीच्या पिठाची मऊ राहते, हा प्रत्येक गृहिणीचा अनुभव. त्यामागे शास्त्र आहे. दगडी चक्कीत दाब आणि घर्षण फार असल्यामुळे पिष्टाचे पुष्कळ कण तडकतात; पीठ हाताला चटका बसेल इतके गरम होते ते याच घर्षणाने. तडकलेले पिष्टकण पाणी अधिक शोषतात. कणीक जास्त पाणी धरते, पोळी फुगते आणि दुपारपर्यंत मऊ राहते. रुळांच्या गिरणीत पीठ थंड निघते आणि पिष्टकण कमी तडकतात. पावाला ते मानवते, पोळीला नाही. म्हणून पोळीच्या पिठासाठी आता गुळगुळीत रुळांवरील दाब मुद्दाम वाढवितात. कित्येक मोठ्या कारखान्यांत साफसफाई व ओलवण आधुनिक यंत्रांवर करून अखेरचे दळण दगडी चक्क्यांच्या रांगेत करतात. कोंडा आणि बारीक पीठ ठरावीक प्रमाणात पुन्हा एकत्र करण्याचीही पद्धत आहे. येथे यंत्राला माणसाच्या जिभेपुढे वाकावे लागले, आणि ते योग्यच झाले.

पोळीबरोबरच पोषणाचाही प्रश्न येतो. मैदा जितका पांढरा तितका तो दाण्याच्या गाभ्यापुरताच राहिलेला असतो. लोह, ब जीवनसत्त्वे आणि चोथा यांचा मोठा भाग साल व अंकुराबरोबर निघून जनावरांच्या दावणीत जातो. दुभत्या गुरांना त्याचा लाभ होतो हे खरे, पण ज्या घरातील बाईच्या अंगात रक्त कमी आहे, तिला पांढऱ्या पिठाचे कौतुक परवडणारे नाही. अंकुराला वाफ देऊन किंवा भाजून त्याचा खवटपणा थोपविता येतो. मग तो पिठात परत घालता येतो. पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळण्याबाबतचे प्रमाण भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ च्या नियमांत ठरवून दिले आहे. सर्वसाधारण लोहक्षार वापरले तर दर किलो पिठामागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असावे, असे ते प्रमाण आहे. इतकी अल्प मात्रा टनावारी पिठात सारखी मिसळणे हाताचे काम नव्हे. गल्लीतील चक्कीला ते अवघड आहे. अखंड चालणाऱ्या गिरणीत मोजून भुकटी सोडणारे एक लहानसे यंत्र बसविले की ते सहज साधते. मोठ्या गिरणीचा समाजाला होणारा हा खरा उपयोग होय.

मोठ्या गिरणीबरोबर मोठा धोकाही येतो. हवेत तरंगणारी पिठाची धूळ ठिणगीने दारूसारखी भडकते. २ मे १८७८ रोजी अमेरिकेत मिनीआपोलिस येथे वॉशबर्न यांची प्रचंड गिरणी अशाच स्फोटाने उद्ध्वस्त झाली आणि १८ माणसे प्राणास मुकली. धूळ ओढून घेणारे पंखे व गाळण्या, दाण्याबरोबर आलेला खिळा-मोळा पकडणारे लोहचुंबक आणि दिवसाकाठी होणारी झाडलोट यांकडे पाहुण्याला दाखविण्याची शोभा म्हणून पाहून चालत नाही. त्यांवर कामगारांचा जीव अवलंबून असतो. यंत्र घेणे सोपे, ते जाणणारा माणूस मिळणे कठीण. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत स्वित्झर्लंडच्या सहकार्याने दळणशास्त्राचे विद्यालय उभे राहिले ते याच गरजेतून. माळव्यातील तरुणांनी असे शिक्षण घेऊन आपल्याच भागातील गिरण्या चालवाव्यात, हे यंत्रखरेदीइतकेच महत्त्वाचे आहे.

तथापि गिरणी कितीही सुधारली तरी एक गोष्ट तिच्या दाराबाहेरच ठरते. मंडीत ड्युरम आणि साधा गहू एकाच ढिगात पडला तर कोणतेही रूळ तो पुन्हा वेगळा करू शकत नाहीत. एकाला अधिक पाणी हवे, दुसऱ्याला निराळा विसावा. एकाला कापावयाचे, दुसऱ्याला दाबावयाचे. मिसळलेल्या ढिगाला दोन्हीपैकी एकही न्याय मिळत नाही आणि भावही खालचा येतो. म्हणून वाण निराळा ठेवणारा शेतकरी, त्याला निराळा भाव देणारा व्यापारी आणि त्याची निराळी कोठी राखणारा गिरणीवाला अशी साखळी जुळली पाहिजे. ती जुळली तर धार-देवासचा गहू पोत्यांतून कच्चा माल म्हणून दूर जाऊन रव्याच्या पुड्यांतून चढ्या भावाने परत येणार नाही. त्याची वाढलेली किंमत ज्या जमिनीने तो पिकविला तिच्या आसपासच राहील, आणि त्या जमिनीवरच्या घरांतील ताटात पोळीही सकस पडेल.