आराखड्यापासून सुट्या भागापर्यंत : विमान प्रतिकृतींच्या लाकडी भागांची अचूक कापणी

प्रस्तावना :

उडणारी विमान प्रतिकृती बांधणे हा केवळ छंद नसून वायुगतिकी, पदार्थविज्ञान, भूमिती आणि हस्तकौशल्य यांना एकत्र आणणारा अभ्यास आहे. फ्रान्समधील आल्फोन्स पेनो यांनी १८७१ मध्ये रबराच्या पिळावर चालणारी, हवेत स्थिर राहणारी प्रतिकृती उडवून दाखविली, तेव्हापासून विमानविद्येच्या शिक्षणात प्रतिकृतींना महत्त्व प्राप्त झाले. भारतात राष्ट्रीय छात्र सेनेचा वायुदल विभाग १९५० मध्ये सुरू झाला. या विभागाच्या प्रशिक्षणात विमान प्रतिकृतींच्या बांधणीचा समावेश असल्याने महाविद्यालयांशीही या विषयाचा थेट संबंध येतो.

अनेक आठवड्यांच्या श्रमाने बांधलेली प्रतिकृती पहिल्याच उड्डाणात एका अंगावर कलून जमिनीवर आदळते, तेव्हा दोष बहुधा उडविणाऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात त्या अपघाताचे मूळ अनेकदा कापणीच्या टेबलावर असते. आराखड्यावरून लाकडी भाग अचूक कसे कापावेत आणि या कामात ‘अचूक’ या शब्दाचा नेमका अर्थ कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अचूकतेचा अर्थ :

पंखाच्या आडव्या छेदाला आकार देणाऱ्या पातळ लाकडी फासळीस ‘रिब’ म्हणतात. व्हर्जिनियस क्लार्क यांनी १९२२ मध्ये सिद्ध केलेला ‘क्लार्क वाय’ हा छेद प्रतिकृतींमध्ये विशेष प्रचलित आहे. त्याची कमाल जाडी जीवेच्या, म्हणजे पंखाच्या पुढील टोकापासून मागील टोकापर्यंतच्या लांबीच्या, ११.७ टक्के असते. जीवेच्या ३० टक्क्यांपासून मागे त्याची खालची बाजू सपाट असते. जीवा २०० मिमी असेल तर जाडी २३.४ मिमी येते आणि पुढून ६० मिमीनंतर तळ सपाट होतो. या सपाट तळामुळेच पंख आराखड्यावर ठेवून थेट जुळविता येतो.

आता एका बाजूच्या पंखातील सर्व रिबांचे मागील टोक १ मिमी खाली गेले, असे समजू. २०० मिमी जीवेवर १ मिमी म्हणजे सुमारे ०.२९ अंश. सिद्धांतानुसार पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन १ अंशाने वाढल्यास उत्थापन गुणांक सुमारे ०.११ ने वाढतो. त्यामुळे येथील वाढ ०.०३ इतकी होते. मूळ गुणांक ०.५ असेल तर हा फरक सहा टक्के ठरतो. मर्यादित लांबीच्या पंखात तो काहीसा कमी असला, तरी विमान सतत एका बाजूस कलण्यास पुरेसा असतो.

मात्र हीच १ मिमीची चूक दोन्ही पंखांत सारखीच असेल, तर विमान कलत नाही. त्याचा उड्डाणकोन किंचित बदलतो आणि तो सहज सुधारता येतो. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचे तर पद्धतशीर त्रुटी सुसह्य असते, यादृच्छिक त्रुटी घातक ठरते. प्रत्येक भाग आराखड्याशी तंतोतंत जुळण्यापेक्षा सर्व समान भाग परस्परांशी जुळणे अधिक महत्त्वाचे असते. कापणीच्या सर्व पद्धती याच तत्त्वातून उगम पावल्या आहेत.

आराखड्याची पडताळणी :

कागद ही स्थिर वस्तू नव्हे. हवेतील आर्द्रता वाढताच तो प्रसरण पावतो आणि हे प्रसरण दोन दिशांना सारखे नसते. छायाप्रत काढतानाही प्रमाण किंचित बदलू शकते. एक टक्क्याचा फरकही २०० मिमीच्या रिबमध्ये २ मिमी होतो. म्हणून आराखड्यावरील मोजपट्टी पोलादी पट्टीने लांबी व रुंदी या दोन्ही दिशांना तपासणे ही पहिली पायरी होय. एका पंखाचे भाग मूळ आराखड्यावरून आणि दुसऱ्याचे छायाप्रतीवरून कापणे कटाक्षाने टाळावे.

ब्रिटिश व अमेरिकी आराखडे बहुधा इंचांत असतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. त्या मापाच्या खाचेत ६ मिमीची पट्टी सैल बसते, तर ३/३२ इंचाच्या, म्हणजे २.३८ मिमीच्या खाचेत २.५ मिमीची फळी घट्ट होते. त्यामुळे खाचेचे माप आराखड्यातील आकड्यावरून न घेता हाती असलेल्या लाकडावरून घ्यावे. तसेच पंख १.५ मिमी जाडीच्या फळीने मढवायचा असल्यास आराखड्यातील रेषा मढवणीची बाहेरची कड दर्शवते की रिबची कड दर्शवते, हे आधी निश्चित करावे. बाहेरची कड दर्शवत असेल तर रिबचा आकार मढविलेल्या भागात तेवढाच आत घ्यावा लागतो.

लाकडाची निवड :

या कामासाठी प्रामुख्याने बाल्सा वापरतात. ऑक्रोमा पिरामिडेल या शास्त्रीय नावाच्या या वृक्षाच्या लाकडाचा सर्वाधिक पुरवठा इक्वेडोरमधून होतो. प्रतिकृतींसाठीच्या बाल्साची घनता साधारणतः दर घनमीटरला १०० ते २०० किलो असते. १.५ मिमी जाड, १०० मिमी रुंद आणि ९१५ मिमी लांब फळीचे आकारमान सुमारे १३७ घनसेंमी भरते. तिचे वजन १४ ग्रॅम असेल तर घनता दर घनमीटरला १०० किलोच्या आसपास, २२ ग्रॅम असेल तर १६० च्या आसपास असते. हलकी व जड फळी एकाच करवतीखाली वेगवेगळी झिजते. म्हणून एका पंखाच्या रिब शक्यतो जवळपास समान वजनाच्या फळ्यांतून काढाव्यात.

ओंडका कोणत्या दिशेने चिरला आहे, यालाही महत्त्व आहे. खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने चिरलेल्या फळीवर ठिपकेदार चकाकी दिसते. ती ताठ असते व रिबसाठी योग्य ठरते. खोडाच्या परिघाला समांतर चिरलेल्या फळीवर लांब रेषा दिसतात. ती रुंदीच्या दिशेने सहज वाकते, म्हणून पंखाच्या पुढील गोलाईवरील मढवणीसाठी उपयोगी पडते. रिबमध्ये तंतूंची दिशा नेहमी जीवेला समांतर ठेवावी.

आकार उतरविणे व कापणे :

एक रिब कापून तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी आखण्याची पद्धत सर्वांत धोक्याची होय. दर वेळी पेन्सिलीची रेषा ०.२ मिमी बाहेर गेली, तर विसाव्या रिबमध्ये ती चूक सुमारे ४ मिमी होते. म्हणून १.५ मिमी प्लायवूडचा किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा एकच फर्मा करून सर्व रिब त्यावरूनच आखाव्यात. फर्म्यासाठी कागदी आकार चिकटविताना पाणीमिश्रित गोंद वापरल्यास कागद ओला होऊन ताणला जातो. रबर सोल्युशन अधिक विश्वसनीय असते. छायाप्रतीची शाई गरम इस्त्रीने लाकडावर उतरविल्यास आकार उलटा उमटतो, हेही ध्यानात घ्यावे.

बाल्सा कापण्यासाठी टोकदार, धारदार पाते आवश्यक असते. पहिला काप हलक्या हाताने, केवळ मार्ग आखण्यापुरता द्यावा आणि नंतरच्या कापांनी फळी वेगळी करावी. पाते तंतूंच्या मागे ओढले जाते. म्हणून कापण्याची दिशा अशी निवडावी की पाते घसरलेच तर टाकाऊ भागाकडे जाईल. रेषेबाहेर सुमारे अर्धा मिमी लाकूड राखावे आणि उरलेला भाग ठोकळ्यावर ताणून बसविलेल्या सँडपेपरने घासून काढावा.

गठ्ठ्याची पद्धत :

समान रिबांसाठी गठ्ठ्याची पद्धत सर्वोत्तम होय. ओबडधोबड कापलेले तुकडे दोन प्लायवूड फर्म्यांच्या मध्ये रचून दोन बोल्टांनी आवळतात आणि सर्व एकदम घासतात. दोन्ही टोकांना फर्मा असल्याने घासणीला तिरपेपणा येत नाही. स्पारच्या, म्हणजे पंखातील आडव्या तुळईच्या, खाचाही त्याच वेळी करवतीने व कानशीने करून प्रत्यक्ष पट्टी बसवून पाहाव्यात.

गठ्ठा किंचित तिरपा घासला गेला, तर पहिल्या व शेवटच्या रिबमध्ये फरक पडतो. त्यावर सोपा उपाय आहे. गठ्ठ्यातील रिबांना क्रमांक देऊन पहिली डाव्या पंखाला, दुसरी उजव्या पंखाला, अशी वाटणी करावी. मग दोन्ही पंखांतील समोरासमोरच्या रिबांमध्ये केवळ एका थराइतका फरक राहतो. त्रुटी नाहीशी होत नाही, परंतु ती दोन्ही बाजूंस जवळपास सारखी विभागली जाते.

आता लेसर यंत्राने एकसारखे भाग काही मिनिटांत मिळतात. तथापि लेसरचा किरणही थोडे लाकूड जाळतो आणि तेवढी भरपाई रेखाचित्रात करावी लागते. शिवाय संगणकात घेतलेला आराखडाच वाकडा असेल, तर यंत्र ती चूक प्रत्येक भागात प्रामाणिकपणे उतरविते.

समारोप :

अचूक कापणी ही केवळ हाताच्या स्थिरतेवर अवलंबून नसते. आराखडा पडताळणे, लाकूड पारखणे, एकच फर्मा प्रमाण मानणे आणि उरलेली त्रुटी दोन्ही बाजूंस समान वाटणे, या चार गोष्टींवर ती उभी असते. मोजमापातील त्रुटींचे प्रकार विद्यार्थी पाठ्यपुस्तकात वाचतात. रिबांचा गठ्ठा घासताना त्यांना त्या हाताला जाणवतात. त्रुटी पूर्णतः टाळता येत नाही, परंतु तिचे स्वरूप ओळखून तिला निरुपद्रवी करता येते, ही शास्त्रीय दृष्टी या लहानशा लाकडी तुकड्यांतून विद्यार्थ्यांच्या अंगी बाणू शकते. म्हणूनच महाविद्यालयीन शिक्षणात या उपक्रमास अधिक गांभीर्याने स्थान देणे उचित ठरेल.