राल्फ मॅकगिल : एका संपादकाचं दप्तर आणि आपला इतिहासाचा तास



दहावीच्या इतिहासात ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा पाठ आहे. वर्तमानपत्र हे इतिहासाचं साधन आहे, पण ते तपासून घ्यावं लागतं, एवढं आपण मुलांना सांगतो आणि पुढे जातो. तपासायचं म्हणजे नक्की काय करायचं? हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला तर त्याच्यापुढे ठेवायला एक चांगलं उदाहरण हवं. ते मला अमेरिकेतल्या राल्फ मॅकगिल या पत्रकारात सापडतं.

अमेरिकेत ‘दक्षिण’ म्हटलं की फक्त दिशा अभिप्रेत नसते. जिथे गुलामगिरी होती, आणि ती गेल्यावरही गोऱ्यांच्या व काळ्यांच्या शाळा, बसमधल्या जागा, पाण्याचे नळसुद्धा कायद्याने वेगळे होते, तो हा प्रदेश. मॅकगिल यांचा जन्म तिथल्याच टेनेसी राज्यात 1898 साली झाला. 1929 मध्ये ते ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ या दैनिकात आले, ते चक्क क्रीडा पत्रकार म्हणून. पण लिखाण राजकारणाकडे वळत गेलं. एका शिष्यवृत्तीवर युरोपात गेले, 1938 साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तो काळ त्यांनी तिथे राहून पाहिला. परतल्यावर कार्यकारी संपादक, 1942 मध्ये संपादक, 1960 मध्ये प्रकाशक. त्यांचा स्तंभ रोज पहिल्या पानावर यायचा. गव्हर्नर युजीन टॅलमॅज यांच्यासारख्या पुढाऱ्यांवर आणि कू क्लक्स क्लॅनवर ते त्यात सडकून टीका करत.

संदर्भग्रंथात मात्र त्यांची गोष्ट बहुधा 1958 पासून ठळक होते. त्या ऑक्टोबरात, एका आठवड्याच्या अंतराने, दोन बॉम्बस्फोट झाले. पहिला टेनेसीतल्या क्लिंटन हायस्कूलमध्ये. या शाळेत दोन वर्षांपूर्वी काळ्या मुलांना प्रवेश मिळाला होता. दुसरा 12 तारखेच्या पहाटे, अटलांटातल्या ज्यू प्रार्थनामंदिरात. मॅकगिल यांनी लगेच अग्रलेख लिहिला, ‘एक चर्च, एक शाळा’ अशा अर्थाच्या मथळ्याचा. मुद्दा थेट होता. न्यायालयाचा निकाल मानू नका, असं जे पुढारी आणि धर्मोपदेशक व्यासपीठावरून सांगत फिरतात, त्यांनीच अशा हातांना मोकळं रान दिलं आहे. 1959 चं पुलित्झर पारितोषिक त्यांना मिळालं. मंदिरावरच्या हल्ल्यासाठी शेवटी कोणालाही शिक्षा झाली नाही, हेही मुलांना सांगा. पारितोषिकाच्या झगमगाटात ते राहून जातं.

आता खरी गंमत. मॅकगिल यांची कागदपत्रं अटलांटाच्या एमरी विद्यापीठात जपलेली आहेत. पत्रव्यवहार, लेख, भाषणं, कात्रणं, छायाचित्रं. आपण ‘पेशवे दप्तर’ म्हणतो ना, तसंच हे एका पत्रकाराचं दप्तर समजा. असं दप्तर तारखेनुसार वाचलं की ‘दक्षिणेची सदसद्विवेकबुद्धी’ ही नंतर मिळालेली पदवी थोडी बाजूला सरते. दिसतो तो हळूहळू बदलणारा माणूस.

1940 च्या दशकातले मॅकगिल शाळा एकत्र करा असं म्हणत नव्हते. वेगळेपणा राहू द्या, पण काळ्यांच्या शाळांना खरोखर बरोबरीचा पैसा द्या, मतदानाचा हक्क द्या, आणि दिल्लीने, म्हणजे त्यांच्याकडच्या वॉशिंग्टनने, यात पडू नये, असा त्यांचा सूर होता. मग एप्रिल 1953 चा एक प्रसिद्ध स्तंभ येतो. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल सोमवारी लागतात, तेव्हा एखाद्या सोमवारी शाळांतला वेगळेपणा बेकायदा ठरणार, तयारीला लागा, असं त्यांनी लिहिलं. हे बरोबर की चूक, यावर त्या स्तंभाचा भर नव्हता. तयारीवर होता. तेरा महिन्यांनी, 17 मे 1954 रोजी, ब्राऊन खटल्याचा निकाल लागला. वार सोमवारच होता!

त्यानंतर त्यांची भाषा धीट होत गेली आणि किंमतही वाढली. धमक्यांचे फोन, शिव्यांची पत्रं, घराच्या अंगणात फेकलेला कचरा. ‘रॅस्टस’ हे काळ्यांची टिंगल करायला वापरलं जाणारं नाव त्यांनाच चिकटवलं गेलं. माझ्या मते संपादकाकडे आलेली पत्रं हा दप्तरातला सर्वांत मोलाचा भाग असतो. छापलेला लेख फक्त लिहिणाऱ्याचं ऐकवतो. समोरचा समाज कसा बोलत होता, कशाला घाबरत होता, हे पत्रांतून कळतं. म्हणून वर्गात प्रयोग करताना नुसता अग्रलेख वाचून थांबू नका. आधी मुलांना विचारा, हा माणूस दहा वर्षांपूर्वी काय म्हणत असेल? मग सांगा. बहुतेक मुलं चकित होतात, काही चिडतात. ‘मग तो हिरो कसला?’ हा प्रश्न आला की तास जमला समजा. उत्तर द्यायची घाई करू नका.

अटलांटातलाच एक धागा आपल्या महाराष्ट्राशी जुळतो. 1964 चं शांततेचं नोबेल मिळालेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा सत्कार त्यांच्याच गावात करायचा, तर शहरातले अनेक बडे लोक नाकं मुरडत होते. जानेवारी 1965 च्या त्या समारंभासाठी पुढे झालेल्या मोजक्या मंडळींत मॅकगिल होते, आणि किंग यांचे गुरू बेंजामिन मेज होते. हे मेज 1936 च्या अखेरीस वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेले होते.

आणखी एक नाव इथे घ्यायला हवं, लिलियन स्मिथ. जॉर्जियातल्याच या लेखिका. मॅकगिल ‘जरा दमाने घ्या’ म्हणत होते तेव्हा त्या वेगळेपणा पूर्णपणे संपवा असं उघड लिहीत होत्या, आणि मॅकगिल त्यांना अतिरेकी समजत. एप्रिल 1963 मध्ये किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात, साथ देणाऱ्या गोऱ्या दक्षिणी लेखकांची नावं दिली आहेत. त्यात ही दोन्ही नावं शेजारी-शेजारी आहेत. ज्याला थांबा म्हणणारे लोक नको झाले होते, त्याच किंग यांनी ती तशी लिहिली. का लिहिली असतील, यावर नववी-दहावीची मुलं छान भांडतात.

स्मिथ यांची बरीच कागदपत्रं अथेन्स गावातल्या जॉर्जिया विद्यापीठात आहेत, मॅकगिल यांची अटलांटात. गाडीने दीड तासाचं अंतर असेल. त्या वादाची एक बाजू वाचायची तर एका गावी जायचं, आणि दुसरीसाठी दुसऱ्या.