विश्लेषण : उन्हाळ्यात घरच्या वेलाला फुले येतात, फळ का धरत नाही? आणि कडू दुधी का फेकून द्यावा?

मार्च सरता सरता गच्चीवरचा दुधी मांडवभर पसरतो, पांढऱ्या फुलांनी भरून जातो, पण दोन आठवडे उलटले तरी एकही फळ हाती लागत नाही. शेजारच्या कुंडीत टोमॅटोची फुले देठापासून गळून पडतात. मग खताची आणखी एक पुडी आणली जाते, पाणी वाढवले जाते. बहुतेक वेळा यात खताचा दोष नसतोच. दोष असतो तो तापमानाचा आणि न झालेल्या परागीभवनाचा. शिवाय उन्हाळ्यात ताण सोसून वाढलेले एखादे फळ कडू निघाले, तर तो प्रश्न फक्त चवीचा राहत नाही.

फुले भरपूर, फळ का नाही?

दुधी, काकडी, दोडका, कारले, भोपळा या वेलवर्गीय भाज्यांमध्ये नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढे इवलेसे फळ असते, नर फुलामागे नुसता देठ असतो. वेलाला आधी नर फुलेच येतात, मादी फुले साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी दिसू लागतात. त्यामुळे पहिल्या बहराची फुले गळाली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण उन्हाळ्यात यात आणखी एक अडचण येते. वाढते तापमान आणि लांबणारा दिवस यामुळे वेलावर नर फुलांचे प्रमाण वाढते आणि मादी फुले कमी होतात. त्यात नत्राचे खत जास्त पडले तर पानोरा माजतो आणि फळे आणखी लांबतात.

मादी फूल आले तरी परागकण पोहोचवणारे कोणीतरी लागते. सातव्या मजल्याच्या बाल्कनीत मधमाशी येईलच याची खात्री नसते. परागकण न मिळालेले छोटे फळ तीन-चार दिवसांत पिवळे पडते आणि गळते. अनेकजण याला रोग समजून फवारणी करतात. त्या फवारणीने उरलीसुरली मधमाशीही फिरकेनाशी होते.

हाताने परागीभवन केव्हा करायचे?

इथे वेळ चुकते आणि सगळी मेहनत वाया जाते. काकडी, भोपळा, कारले आणि घोसाळे यांची फुले सकाळी उमलतात. दुधी आणि दोडका यांची फुले मात्र संध्याकाळी उमलतात, त्यांच्याकडे येणारे पाहुणेही रात्री फिरणारे पतंग असतात. दुधीचे परागीभवन सकाळी दहा वाजता करायला गेले तर फूल कोमेजलेले सापडते. दुधी आणि दोडक्यासाठी दिवेलागणीची वेळ, बाकीच्यांसाठी सकाळी आठ-नऊच्या आतली वेळ, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

पद्धत सोपी आहे. त्याच दिवशी उमललेले नर फूल देठासकट तोडायचे, पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला पिवळा परागकोष मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हाताने फिरवायचा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. काम झाले असेल तर दोन-तीन दिवसांत छोटे फळ तकाकी धरून फुगू लागते.

सध्या मोबाइलवर ‘थ्री जी कटिंग’चे व्हिडीओ जोरात आहेत. मुख्य वेलाचा शेंडा खुडायचा, त्यातून फुटलेल्या फांदीचा पुन्हा खुडायचा आणि तिसऱ्या पिढीच्या फांदीवर मादी फुले घ्यायची, अशी ही युक्ती. दुधी आणि कारल्यात बाजूच्या फांद्यांवर मादी फुले अधिक येतात, हे खरे आहे. पण त्यासाठी वेल दणकट आणि मुळांना भरपूर जागा हवी. दहा इंची कुंडीतला, दुपारी माना टाकणारा वेल एप्रिलच्या उन्हात तीनदा छाटणे म्हणजे आजाऱ्याला उपास घडवण्यासारखे आहे. तिथे मुख्य शेंडा एकदा खुडणे पुरेसे.

टोमॅटो-मिरचीचे गणित वेगळे कसे?

टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी भाग असतात, त्याला मधमाशीची वाट पाहावी लागत नाही. सकाळी फुलांचा घोस टिचकीने हलवला तरी भागते. पण दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या आणि रात्रीचे साधारण २४ अंशांच्या वर गेले की परागकण निकामी होऊ लागतात आणि फूल गळते. म्हणूनच मुंबई-कोकणात दिवसाचा पारा ३३-३४ वर असतानाही टोमॅटो रुसतो. तिथल्या रात्रीच गार होत नाहीत. पुणे-नाशिककडे मार्चच्या रात्री थंड असल्याने टोमॅटो एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तग धरतो. नागपूर-चंद्रपुरात पारा चाळिशी ओलांडल्यावर त्याच्याकडून फळाची अपेक्षा न केलेलीच बरी.

तापमानाचा परिणाम रंगावरही होतो. लाल रंग देणारे लायकोपीन तीस-बत्तीस अंशांच्या वर नीट तयार होत नाही, त्यामुळे कडक उन्हात पिकलेला टोमॅटो पिवळसर-नारिंगीच राहतो. रंग बदलू लागलेले फळ तोडून घरात सावलीत ठेवले तर ते लाल होते. टोमॅटोचे बूड काळे पडणे हाही उन्हाळ्याचाच प्रकार. एक दिवस कोरडे, एक दिवस तुडुंब अशा पाण्यामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. अंड्याची टरफले कुंडीत टाकून तो लगेच थांबत नाही, पाण्याचा नियमितपणाच उपयोगी पडतो.

उन्हाला जुमानत नाहीत त्या भाज्या वेगळ्या आहेत : भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, अंबाडी. वांगेही बऱ्यापैकी सोसते. मेथी, पालक आणि कोथिंबीर मात्र उष्णतेत लवकर फुलावर येतात. कोथिंबीर हवीच असेल तर धने रगडून, दोन फाके करून, अर्ध्या सावलीत दर पंधरवड्याला थोडे थोडे पेरावेत आणि कोवळेपणीच काढून घ्यावेत.

पाणी किती आणि कधी?

जमिनीतल्या रोपाची मुळे खोल जाऊन गारवा शोधतात, कुंडीतल्या रोपाला तशी सोय नसते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू दुपारी इतकी तापते की त्या बाजूची मुळे भाजून निघतात. गच्चीचा स्लॅब खालून तापवतो तो वेगळाच. कुंड्या विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवल्या, एकमेकींना चिकटून मांडल्या आणि पश्चिमेच्या बाजूला सावली केली तर निम्मा त्रास कमी होतो. मातीची कुंडी झिरपत राहते म्हणून गार राहते, पण तिला पाणीही जास्त लागते.

पाणी सकाळी लवकर द्यावे, उन्हाचा तडाखा असेल तर संध्याकाळी पुन्हा. त्याआधी मातीत दोन इंच बोट खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी थांबवावे. दुधी-भोपळ्याची मोठी पाने भर दुपारी लोंबतात आणि सूर्य कलल्यावर पुन्हा ताठ होतात. ती पाण्याची मागणी असतेच असे नाही. सकाळी सातलाही पाने लोंबलेली असतील तर मात्र मुळांची तक्रार आहे : एकतर पाणी कमी, नाहीतर इतके जास्त की मुळे कुजू लागली. दुपारी पाणी देऊच नये हा नियम फार ताणू नये. मान टाकलेल्या रोपाला संध्याकाळपर्यंत तिष्ठत ठेवण्यात अर्थ नाही. फक्त गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडताना पहिले कढत पाणी बादलीत धरून निवू द्यावे.

मातीवर वाळलेला पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन इंचांचा थर पसरला तर बाष्पीभवन बरेच कमी होते. थर खोडाला टेकू देऊ नये. मोठ्या वाफ्यात मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून ठेवण्याची जुनी पद्धत आजही उपयोगाची आहे. चार दिवस गावाला जाणाऱ्यांसाठी तर ती वरदानच. मडके मात्र रंग न लावलेले, झिरपणारे हवे.

पाणीकपातीच्या दिवसांत घरातले कोणते पाणी चालते, हा प्रश्न हमखास येतो. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी उत्तम. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचे बाहेर पडणारे पाणी रोज कुंडीत घालणे धोक्याचे, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. काही आठवड्यांत मातीवर पांढरी साय दिसते आणि पानांच्या कडा करपतात. कपडे धुतलेले साबणाचे पाणी भाजीला नकोच.

जाळी लावावी का?

दुपारी बारा ते चार या वेळेपुरती सावली पुरते, दिवसभराची काळोखी नको. फळभाज्यांना ३५ ते ५० टक्के सावली देणारी शेडनेट पुरे. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली वेल हिरवागार दिसतो, पण फुलत नाही. जाळी परवडत नसेल तर जुनी सुती साडी किंवा धोतर पश्चिमेच्या कठड्याला बांधले तरी काम होते. जाळी रोपांच्या डोक्यावर टेकलेली नसावी, खालून वारा खेळायला हवा.

कोरड्या उष्णतेत लाल कोळी, फुलकिडे आणि पांढरी माशी वाढतात. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडत गेली तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला हळद्या रोग आहे, त्यावर इलाज नाही. झाड उपटून टाकावे, शेजारची तरी वाचतात. मिरचीचा चुरडामुरडा सुरुवातीला दिसला तर पानांच्या खालच्या बाजूला निंबोळी अर्क फवारून आटोक्यात ठेवता येतो. एका लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, संध्याकाळी फवारावी. उन्हात फवारणी केली तर पाने करपतात.

कडू दुधीचा धोका किती खरा?

पूर्ण खरा. काकडीवर्गीय फळांमध्ये कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून खाण्याच्या वाणांतून ती जवळपास काढून टाकली आहेत. पण जास्त उष्णता आणि पाण्याचा ताण यामुळे ती वाढू शकतात. कडू दुधीचा रस पिऊन देशात मृत्यू झाल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा अभ्यास केला. समितीचा सल्ला स्पष्ट आहे : रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखावा, कडू लागला तर संपूर्ण दुधी टाकून द्यावा, रस दुसऱ्या रसात मिसळू नये. मिसळला की कडूपणा लपतो आणि तीच खरी भीती.

कडू रस पोटात गेल्यास थोड्याच वेळात उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू होतात. गंभीर प्रकरणांत रक्ताची उलटी होते आणि रक्तदाब घसरतो. यावर उतारा नाही, त्यामुळे घरगुती उपाय करत न बसता रुग्णालय गाठावे लागते. शिजवल्याने कडू द्रव्ये नाहीशी होतील यावर विसंबू नये. ‘घरचा आहे, औषध मारलेले नाही’ म्हणून कडू दुधी संपवण्याचा आग्रह अनेक घरांत होतो. विशेषतः सकाळी उपाशीपोटी रस घेणाऱ्या ज्येष्ठांना हे सांगायला हवे. काकडीचा देठ कापून चोळण्याच्या सवयीवरही भिस्त नको. देठाकडे आणि सालीखाली कडूपणा जास्त असतो, त्यामुळे तो भाग काढल्यावर उरलेली काकडी गोड लागली तर खावी, नाहीतर टाकावी. कारल्याचा कडूपणा मात्र वेगळ्या संयुगांचा, त्याला हा नियम लागू नाही.

शेजारी कारले लावल्याने दुधी कडू होतो का?

नाही. दुधी आणि कारले एकाच कुळातले असले तरी प्रजाती दूरच्या आहेत, त्यांचा संकर होत नाही. दुधीचा संकर होतो तो दुधीशीच. सतार-तंबोऱ्याच्या तुंब्यासाठी आणि पूर्वी पोहायला शिकताना कमरेला बांधण्यासाठी वापरला जाणारा कडू भोपळा हा दुधीचाच भाऊबंद. त्याचे परागकण घरच्या मादी फुलावर पडले तरी यंदाचे फळ कडू होत नाही, कारण फळाचा गर हा आईवेलाचा असतो. संकर उतरतो तो बियांत. ते बी जपून ठेवून पुढच्या वर्षी लावले की कडू दुधी निघतो आणि दोष शेजारच्या कारल्यावर येतो.

म्हणून बियाणे घरीच धरायचे असेल तर संध्याकाळी उमलणारी नर आणि मादी कळी दुपारीच कागदी पिशवीत किंवा मलमलच्या फडक्यात बांधून ठेवावी, उमलल्यावर हाताने परागीभवन करून मादी फूल पुन्हा बांधावे आणि त्या फळाला दोऱ्याची खूण करावी. हे फळ वेलावरच वाळू द्यायचे. कडू निघालेल्या वेलाचे बी कितीही टपोरे दिसले तरी ठेवायचे नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास अनेक घरांत पावसाळी वेलांसाठी आळी तयार करून बी टोचले जाते, मागच्या वर्षीचे पुडके उघडताना एवढी चौकशी करावी. हळद, आले आणि अळूचे कंदही याच दिवसांत कुंडीत घालता येतात. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा उलट्या करून कोरड्या कराव्यात. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण सात ते दहा दिवसच लागतात.