‘काळजी करू नका’ म्हणालात, तर मार्क गेला!

पेशंट घाबरला की आपल्या सिस्टरच्या तोंडून पहिलं वाक्य येतं, ‘काळजी करू नका, सगळं नीट होईल.’ अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचा परवाना हवा असेल, तर एनसीलेक्स-आरएन परीक्षेत हा पर्याय चुकूनही निवडू नका. तिथे याला खोटा दिलासा म्हणतात. ‘का रडताय?’ हेही चालत नाही, कारण ‘का’ विचारलं की समोरच्याला जाब विचारल्यासारखं वाटतं. बरोबर उत्तर बहुधा ‘कसली भीती वाटतेय ते सांगाल?’ या वळणाचं असतं. वर्षानुवर्षं आयसीयूत काढलेल्या सिस्टरही इथे ठेचकाळतात. ही खोड मोडायला पाठांतराचा उपयोग नाही, प्रश्नच सोडवावे लागतात. त्यावरच प्रश्नपेढ्यांचा, म्हणजे क्यू-बँकांचा, बाजार उभा आहे.

अस्सल प्रश्न कुणाकडेच नाही. पेपरातला प्रश्न बाहेर सांगायचा नाही, हे प्रत्येक उमेदवाराला मान्य करावं लागतं. त्यामुळे ‘सेम टू सेम प्रश्न’ अशी जाहिरात दिसली की पाकीट खिशातच ठेवावं. परीक्षा घेणारी एनसीएसबीएन ही शिकागोची संस्था नमुन्याचे थोडे प्रश्न फुकट देते. पेपरातली खिडकी, बटणं, प्रश्नांचे नवे प्रकार कसे दिसतात ते कळण्यासाठी आधी तेच उघडावेत. बाकी सगळ्यांचा माल नकलेचाच. नक्कल किती हुबेहूब आहे यापेक्षा उत्तराखालचं स्पष्टीकरण, ज्याला मुली ‘रॅशनल’ म्हणतात, किती दमदार आहे ते बघावं. चुकीचे तीन पर्याय चुकीचे का, हे जी सांगत नाही, ती पेढी माझ्या मते फुकटातही महाग.

गुंटूरचे खासदार आणि क्यू-बँक. या कसोटीवर यूवर्ल्ड या क्यू-बँकेचा नंबर वरचा. चित्रं, तक्ते, प्रत्येक पर्यायाचा पंचनामा, सगळं असतं. ही कंपनी सुरू करणारे चंद्रशेखर पेम्मसानी मूळचे आंध्रातले डॉक्टर. आधी डॉक्टरांच्या अमेरिकी परीक्षेसाठी प्रश्न तयार केले, नर्सिंग नंतर आलं. २०२४ मध्ये ते गुंटूरमधून लोकसभेवर निवडून आले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. उमेदवारी अर्जात जाहीर केलेली मालमत्ता पाच हजार कोटींच्या वर! रॅशनल लिहून माणूस कुठवर जाऊ शकतो बघा.

यूवर्ल्डमध्ये पन्नास-साठ टक्के बरोबर आले की आपल्याकडच्या मुली रडकुंडीला येतात. डिस्टिंक्शनची सवय, दुसरं काय! पण खरी परीक्षाच तशी आहे. १९९४ पासून ती संगणकावर होते आणि उमेदवारानुसार बदलत जाते. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. त्यामुळे हुशार मुलीलाही निम्मा पेपर चुकल्यासारखा वाटतो. पास की नापास याची ९५ टक्के खात्री पटली की संगणक थांबतो. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. त्यातले १५ प्रश्न नुसते चाचणीचे, त्यांचे मार्क धरतच नाहीत. मात्र ते कोणते, ते कळत नाही. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही, प्रश्न सोडून पुढेही जाता येत नाही.

जाडजूड सॉंडर्स. हे पुस्तकवाल्यांचं लाडकं. लेखिका लिंडा अॅन सिल्व्हेस्ट्री. आठव्या आवृत्तीत ५,२०० च्या वर प्रश्न. विषय विसरला असेल तर यासारखं पुस्तक नाही, पण यातले बरेच प्रश्न थेट माहितीचे आणि म्हणून सोपे वाटतात. कॅप्लान या क्यू-बँकेचा भर ‘डिसिजन ट्री’वर, म्हणजे उत्तर येत नसलं तरी पायरीपायरीने कसं पोचायचं त्यावर. आर्चर ही क्यू-बँक स्वस्त. तिच्या सराव चाचणीत सलग चार वेळा ‘हाय’ शेरा आला की तारीख घ्या, असा उमेदवारांचा आपसातला ठोकताळा आहे. मार्क क्लिमेक यांची व्याख्यानं ऐकायला झकास, पण ती क्यू-बँक नव्हे.

जुनी क्यू-बँक रद्दीच्या भावात मिळतेय? छापलेलं वर्ष बघा. १ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचं रूप बदललं. एकाच पेशंटवर सहा-सहा प्रश्नांच्या तीन केस स्टडी प्रत्येकाला येतात. ‘लागू असतील ते सगळे निवडा’ या कुप्रसिद्ध प्रकारात, ज्याला सगळे ‘साटा’ म्हणतात, पूर्वी एक पर्याय हुकला तरी भोपळा. आता बरोबर पर्यायाला एक मिळतो, चुकीच्याला एक कापतात, पण शून्याखाली नेत नाहीत. जुन्या पेढीवर सराव केला, तर हा हिशेब अंगवळणी पडत नाही.

मावशी आणि मामा कुठे गेले? आपल्या हॉस्पिटलात बेडपॅन मावशी देतात, ट्रॉली मामा ढकलतात, उरलेलं पेशंटची सून बघते. एनसीलेक्सच्या जगात सून नसते. कोणतं काम सहाय्यकाला, कोणतं एलपीएनला, म्हणजे खालच्या पातळीच्या परवानाधारक नर्सला, आणि कोणतं आरएनने, म्हणजे रजिस्टर्ड नर्सनेच, करायचं, यावर प्रश्न येतात. स्थिर पेशंटचं बीपी सहाय्यक घेईल, पण नव्या पेशंटची पहिली तपासणी आणि डिस्चार्जच्या वेळचं समजावून सांगणं आरएनकडेच. ‘डॉक्टरांना कळवा’ हा आपला हुकमी एक्काही पुष्कळदा चुकतो. आधी स्वतः तपासा, मग फोन. हा प्रकार भारतीय नोट्समध्ये सापडत नाही, त्यासाठी अमेरिकी क्यू-बँकच लागते.

औषधांचीही गंमत. पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अॅड्रिनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन. रोज हाताळलेलं औषध पडद्यावर अनोळखी दिसतं.

आता मसाला. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी ७,६०० हून अधिक बोगस डिप्लोमे विकल्याचं प्रकरण जानेवारी २०२३ मध्ये बाहेर आलं. लागणारं प्रशिक्षण पूर्ण न करताच त्यातले सुमारे २,४०० जण एनसीलेक्स पास झाले! क्यू-बँकवाल्यांनी यावर हसावं की तोंड लपवावं?

पेपर मुंबईतही देता येतो. आत जाताना तळहाताच्या शिरा स्कॅन करतात, कच्च्या कामाला कागदाऐवजी पुसता येणारी पाटी देतात. नापास झालात तर ४५ दिवस थांबायचं. तेव्हा एक अहवाल मिळतो, त्यात प्रत्येक विषयात तुम्ही पासाच्या रेषेच्या वर, जवळ की खाली, ते लिहिलेलं असतं. ‘खाली’चे विषय तेवढे उचला आणि त्यांच्यासाठी दुसरी क्यू-बँक घ्या. पहिलीची उत्तरं एव्हाना पाठ झालेली असतात, त्यामुळे तिच्यात ८० टक्के मिळाले तरी ते मार्क स्मरणशक्तीचे.