नटाचा चेहरा आणि त्याचे छायाचित्र

यंदा तुम्ही कोणत्या विषयावर बोलणार, असे एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांस विचारले. ‘नटाच्या चेहऱ्याचे छायाचित्र’ असे सांगताच ते हसून म्हणाले, “त्यात तासभर बोलण्यासारखे काय आहे? नटाने हसायचे आणि तुम्ही खटका दाबायचा!” त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. खटका दाबण्यास निमिषही लागत नाही. परंतु त्या निमिषासाठी आपल्या गावची मुले-मुली साठवलेली शिल्लक मोडून मुंबईची गाडी धरतात, आणि पुष्कळदा जे चित्र घेऊन परततात तेच त्यांच्या वाटेत आडवे येते. छायाचित्रणाच्या धंद्यात राहून हे आम्ही वारंवार पाहिले, आणि एकदा तर या अपराधात आमचाच हात होता. म्हणून हा विषय.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. नटाचे छायाचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बालगंधर्वांची शालू-शेला ल्यायलेली छबी उभी राहते. पॅरिसमध्ये नादार याने 1864 च्या सुमारास तरुण सारा बर्नहार्टची जी छायाचित्रे घेतली, तीही आज जगभर ओळखली जातात. ही चित्रे सुंदर आहेत. पण बालगंधर्वांचे चित्र भूमिकेचे आहे आणि बर्नहार्टचे चित्र आपण तिच्या कीर्तीच्या उजेडात पाहतो. दोन्हीकडे पाहणाऱ्यास माणूस आधीच ठाऊक असतो. आज नटमंडळी ज्याला ‘हेडशॉट’ म्हणतात, त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथे नटाला कोणी ओळखत नाही आणि भूमिका अजून ठरलेली नाही. ते चित्र एवढेच सांगते की, ‘मी असा दिसतो, मला बोलावून तर पाहा.’ ते भेटीचे आमंत्रण आहे, सौंदर्याचे प्रशस्तिपत्र नव्हे.

पूर्वी या आमंत्रणाची गरज नव्हती. 1913 साली पडद्यावर आलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची तयारी चालू असता दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके त्यांच्या नजरेस पडले आणि तेच तारामती झाले. पुढे 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या. फाळक्यांनी माणूस समोर पाहिला, त्याची चण पाहिली, आणि निवड केली. आज तसे होणे कठीण. अंधेरी-वर्सोव्याच्या बाजूला, आरामनगरसारख्या वस्तीत, पात्रांची निवड करणाऱ्यांच्या कचेऱ्या आहेत. एकेका लहानशा भूमिकेसाठी त्यांच्याकडे छायाचित्रांचा ढीग पडतो. तोही आता बहुधा टपालाने नव्हे, व्हॉट्सॲपवरून. तळहाताएवढ्या पडद्यावर अंगठ्याने ढकलत ढकलत ती पाहिली जातात. अंगठा क्षणभर थांबला तर पुढचे बोलणे.

आता आमच्या अपराधाची कथा. काही वर्षांपूर्वी एक तरुण आमच्या स्टुडिओत आला. वर्णाने सावळा, आणि डाव्या भुवईवर लहानपणी जिन्यावरून पडल्याची खूण. त्याने सांगितले नव्हते, तरी त्याला बरे वाटावे म्हणून आम्ही संगणकावर त्याचा वर्ण उजळला आणि भुवईची खूण पुसून टाकली. चित्र पाहून मुलगा हरखला, आईने ते देवघराजवळ लावले. त्या चित्रावर त्याला मुंबईहून बोलावणेही आले. तो रात्रभर प्रवास करून गेला. दारातल्या मदतनिसाने हातातल्या फोनकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले, आणि विचारले, “हा तुमचाच फोटो का?” त्याला आत सोडले नाही. परत आल्यावर तो आम्हांला टाकून बोलला असता तर बरे झाले असते. तो फक्त म्हणाला, “साहेब, माझ्यात एवढे वाईट काय होते?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही एक कसोटी धरली आहे: जो माणूस दारात उभा राहणार, तोच चित्रात असला पाहिजे. चांगल्या दिवशी, नीट झोप झालेला, मनाने प्रसन्न, पण तोच. बाकी सारे तंत्र या कसोटीच्या सेवेसाठी आहे. त्यातल्या चार गोष्टी समजून घेतल्या, तर छायाचित्रकारापुढे बसणारा माणूस त्याच्या हातातले बाहुले राहणार नाही.

पहिली गोष्ट अंतराची. फोन हातात धरून स्वतःचे चित्र घेतले की नाक मोठे आणि कान मागे पळालेले का दिसतात? याचे गणित सोपे आहे. नाकाचे टोक कानांच्या सुमारे 4 इंच पुढे असते. फोन नाकापासून 12 इंचांवर असेल, तर कान 16 इंचांवर असतात. म्हणजे नाकाच्या मानाने ते पाऊणपटच उमटतात. कॅमेरा 60 इंचांवर, म्हणजे 5 फुटांवर नेला, तर कान 64 इंचांवर, आणि फरक नगण्य होतो. समोर बसून बोलताना आपण एकमेकांना साधारण याच अंतरावरून पाहतो, म्हणून हे चित्र ओळखीचे वाटते. यासाठीच छायाचित्रकार 85 मिलिमीटरच्या आसपासचे भिंग लावून मागे सरकतो. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर असावा. फार खालून घेतल्यास माणूस मग्रूर दिसतो, फार वरून घेतल्यास केविलवाणा.

दुसरी गोष्ट उजेडाची. महाग दिव्यांवाचून अडत नाही. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, तिच्याजवळ तिरके बसावे, आणि सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोलचा तक्ता उभा करावा. खिडकीचा उजेड चेहऱ्याची घडण दाखवतो. तक्त्यावरून परतलेला उजेड सावली मऊ करतो. डोळ्यांत खिडकीचा एक चमकता ठिपका दिसलाच पाहिजे. तो नसला तर उत्तम चेहराही विझल्यासारखा वाटतो. दुपारच्या उन्हात उभे राहून चित्र घेऊ नये. डोळ्यांच्या जागी काळ्या खाचा तेवढ्या उमटतात.

तिसरी गोष्ट वर्णाची, आणि ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. सावळा माणूस फोटोत ‘काळा येतो’ अशी तक्रार आपण ऐकतो आणि दोष त्याच्या कातडीला देतो. वस्तुतः दोष हिशेबाचा असतो. कॅमेऱ्यातील मापकाला समोर माणूस आहे की भिंत, हे स्वतःहून कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, असे तो गृहीत धरतो. पाठीमागे पांढरीशुभ्र भिंत असली की उजेड फार झाला असे समजून तो सारे चित्र गडद करतो, आणि त्यात बिचारा चेहरा बुडतो. मग आमच्यासारखे लोक तो बुडालेला चेहरा संगणकावर ओढून वर काढतात, आणि त्या खटपटीत कातडीचा पोत जाऊन चेहरा मेणाचा होतो. खरा उपाय साधा आहे. पाठीमागे करडा किंवा मळकट निळा पडदा घ्यावा आणि उजेडाचे माप भिंतीवरून न घेता चेहऱ्यावरून घ्यावे. सावळा वर्ण मग त्याच्या साऱ्या तेजासह उतरतो. आधुनिक फोन तर न विचारताच चेहरा गुळगुळीत आणि गोरा करू पाहतात. ती सोय आधी बंद करावी.

चौथी गोष्ट मुद्रेची. “हसा” म्हटल्याने ओठ हसतात, डोळे हसत नाहीत. नटाने मनात एखादे वाक्य धरावे आणि ते भिंगापलीकडच्या माणसास न बोलता सांगावे. ‘जेवलास का?’ हे मनात म्हणून पाहा, आणि मग ‘पुन्हा उशीर केलास!’ म्हणून पाहा. चेहऱ्याचा एकही स्नायू मुद्दाम न हलवता दोन वेगळी माणसे उमटतात. दोन-तीन अशी चित्रे पुरेत: एक मोकळे हसरे, एक गंभीर, एक मधले. राजा, भिकारी आणि पोलीस अशी सोंगे काढण्याचे कारण नाही. निवड करणाऱ्याला कोरी मूर्ती हवी असते. रंग तो आपल्या गरजेप्रमाणे देईल. म्हणून कपडेही साधे, एकरंगी असावेत. बारीक चौकडी, मोठी अक्षरे, ठसठशीत दागिने नजर पळवतात. केस रोज विंचरता तसेच विंचरावेत.

चित्र सुधारावे की नाही? आमचा नियम असा: जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार, ते पुसावे, जे राहणार, ते राहू द्यावे. कालची मुरुमाची पुटकुळी पुसण्यास हरकत नाही. तीळ, व्रण, सुरकुती ही मात्र माणसाची मालमत्ता आहे. चित्र निवडताना ते अंगठ्याएवढे लहान करून पाहावे, कारण पुष्कळदा ते तसेच पाहिले जाणार. निवडही एकट्याने करू नये. आपला चेहरा आपल्याला आरशात उलटा पाहण्याची सवय असते, म्हणून खरे चित्र आपल्यालाच परके वाटते. जो मित्र रोज भेटतो तो ज्या चित्राकडे पाहून “हा तू” म्हणेल, ते घ्यावे. सोबत समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उभे असे एकेक साधे चित्र, उंची, आणि येत असलेल्या भाषा कळवाव्यात. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी येत असेल तर ते लिहिण्यास लाजू नये; ती कमतरता नव्हे, भांडवल आहे. दाढी ठेवली, केस कापले, वजन दहा किलोंनी उतरले, की चित्र जुने झाले असे समजावे.

आता व्यवहाराचे दोन शब्द. ‘अमुक ठिकाणाहूनच जाडजूड पोर्टफोलिओ काढा, मगच काम देऊ,’ असे कोणी म्हटले, तर तो कामाचा नव्हे, फोटोंचा व्यापारी आहे असे समजावे. चाचणी देण्यासाठी पैसे मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये. मुलींनी छायाचित्रे काढण्यास जाताना सोबत कोणास तरी न्यावे. सोबतीला हरकत घेणाऱ्या ठिकाणाहून तेथूनच परतावे. आपल्याकडील 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, आपण मोबदला देऊन आपल्यासाठी काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्क, उलट करार नसल्यास, आपला असतो. म्हणून न वाचता कागदावर सही करू नये, आणि मूळ चित्रे मागून घ्यावीत.

तो तरुण सहा महिन्यांनी पुन्हा आमच्याकडे आला. या वेळी आम्ही पैसे घेतले नाहीत. करड्या पडद्यापुढे, खिडकीशी बसवून चित्र घेतले. भुवईवरची खूण स्पष्ट दिसत होती. त्यानंतर पहिली भूमिका मिळण्यास त्याला दोन वर्षे लागली, आणि तीही दोन वाक्यांची, एका ट्रकच्या क्लीनरची. चांगले छायाचित्र नट घडवत नाही, आणि काम मिळेल असे वचनही देत नाही. पण त्या दोन वर्षांत त्याला जेथे जेथे बोलावले, तेथे दारातून कोणी परत पाठवले नाही.

आमच्या स्नेह्यांना आमचे उत्तर एवढेच की, खटका दाबणे खरोखर सोपे आहे. समोरचा माणूस आहे तसा पुरेसा आहे, असे त्याला आणि स्वतःला पटवणे, हेच त्यातले अवघड काम.