तुराट्यांची चूल व गॅसची शेगडी

“फादर, तुराट्या आपल्याच शेतातल्या, त्यांना कुठे पैसे पडतात?” असे बीदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात घरोघरी ऐकू येते. म्हणणे रास्त आहे, पण हिशेब अपुरा. साध्या मातीच्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी जेमतेम आठवा हिस्सा भांड्यास लागतो; बाकीची वाऱ्यावर व धुरावर जाते. गॅसच्या शेगडीत सुमारे दोन तृतीयांश कामी येते. म्हणूनच १४.२ किलोच्या एका टाकीच्या कामास दोनशे किलोंच्या आसपास वाळलेले जळण खर्ची पडते. ते वेचणे, वाहणे, फुंकणे माउलीच्या माथी. धूर तिच्या व कडेवरच्या लेकराच्या छातीत. हे कोणत्या वहीत मांडावे?

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरी टाकी आली. पण ती भरावयास रोख रक्कम लागते, म्हणून कित्येक ठिकाणी ती चहापुरतीच उरते. निदान वरण तरी तिच्यावर व्हावे. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले. तीच डाळ तासभर भिजवून कुकरमध्ये लावावी व शिट्टी होताच आच मंद करावी. आत उष्णता १२० अंशांच्या सुमारास पोचलेली असते. मोठ्या आचेने ती वाढत नाही, केवळ वाफ दवडली जाते.

भाकरीस चूलच हवी, असे म्हणणाऱ्या आजीबाईंशी मी वाद घालीत नाही. चूल तेवढी अंगणात मांडावी.